इचलकरंजीतली मावशींची खानावळ : भाकरी, आमटी आणि उधारीची वही

२२ वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा, आहे, त्यातली १८ वर्षं याच खानावळीत जेवतोय, म्हणून लिहितो. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, सोबत लसणाचा खर्डा, आमटी हवी तेवढी. साधी थाळी ९० रुपये. रविवारी मटण. तांबडा रस्सा झणझणीत, पांढरा मात्र पाणचट; तसं मावशींना सांगितलंय.

मला ही जागा जवळची वाटते ती वहीमुळं. माणशी एक पान, पगाराच्या दिवशी हिशेब चुकता. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या. आमचा आठवड्याचा पगार रोखीचा, आणि मालकाकडंच नव्या नोटा नाहीत. तीन आठवडे माझ्या पानावर नुसती उधारी चढली. मावशींनी एकदाही "कधी देणार?" असं विचारलं नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, बाकं रिकामी पडली. गावी जाता न आलेल्या परप्रांतीय कामगारांना मावशींनी खोलीवर डबे पोचवले. २०२२ च्या मे महिन्यात कापूस खंडीला (साधारण ३५६ किलोला) लाखाच्या वर गेला. सूत महागलं, कापडाला तेवढा भाव मिळेना, व्यापाऱ्यांनी बिमं (उभं सूत गुंडाळलेले रूळ) देणं कमी केलं आणि खर्चीवाल्यांची, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणाऱ्यांची, रातपाळी थांबली. तेव्हा संध्याकाळी निम्मंच पीठ मळलेलं मी पाहिलंय.

या तिन्ही वेळी माणसं परत आली. एअरजेट माग आल्यावर तसं झालं नाही. साध्या मागाचा धोटा (आडवं सूत घेऊन जातो तो) मिनिटाला १००-१२५ वेळा इकडून तिकडं जातो. एअरजेटमध्ये हवेचा झोत ६०० हून जास्त वेळा सूत फेकतो. धोटाच नाही, म्हणजे त्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायलाही माणूस नको. शेजारच्या शेडमधले साधे माग भंगारात गेले आणि भिंतीकडच्या बाकावरचे सहाजण कायमचे कमी झाले. दोघांची थकलेली पानं मावशींनी अजून फाडलेली नाहीत. "येतील की," म्हणतात. मला ते वाचवत नाही.

आता त्या बाकावर एअरजेटची फिटर पोरं बसतात. त्यांना चपाती लागते, आणि ती इथं चिवट मिळते. भाकरीच घ्या.

रातपाळीवाल्यांनी आठच्या आत जावं. पीठ हल्ली मोजूनच मळतात. नव्या माणसालाही खातं काढून देतात, फक्त कुठल्या शेडला कामाला आहात आणि तिथं माग कुठले आहेत, एवढं विचारतात.