अक्विला: घरबसल्या भाड्याने मिळणारे २५६ अणू

क्युएरा कंपनीचं अक्विला हे अणूंवर चालणारं क्वांटम संगणक-यंत्र नोव्हेंबर २०२२पासून ॲमेझॉन ब्रॅकेटवर, म्हणजे क्वांटम यंत्रं इंटरनेटवरून भाड्याने देणाऱ्या सेवेवर, कोणालाही वापरता येतं. पैसे घालावेत का? गेट, म्हणजे क्वांटम गणिताच्या एकेक पायऱ्या, लावून सर्किट चालवायची असतील तर अजिबात नाही, इथे गेट नाहीतच. स्पिनच्या (कणांच्या इवल्या चुंबकांच्या) साखळ्यांत रमणाऱ्या माझ्यासारखीला मात्र ही चैन परवडली.

रुबिडियमचे अणू लेसरच्या चिमट्यांत धरलेले असतात. ते कुठे बसवायचे हे आपण ठरवायचं, फक्त दोघांत किमान ४ मायक्रोमीटर अंतर हवं. लेसर त्यांना रिडबर्ग अवस्थेत, म्हणजे खूप उत्तेजित अवस्थेत, नेतो आणि तिथे गेलेला अणू जवळच्या शेजाऱ्याला वर येऊ देत नाही. मी ११ अणू ६ मायक्रोमीटरवर एका ओळीत ठेवले आणि लेसरचं डिट्यूनिंग (अणूला लागणाऱ्या नेमक्या वारंवारतेपासूनचा त्याचा फरक) ऋणातून हळूहळू धनात नेलं. एकाआड एक उत्तेजित अणू! संख्या विषमच घ्या, म्हणजे दोन्ही टोकं उत्तेजित राहून नक्षी एकच उरते.

'हळूहळू' म्हणजे किती, तर सगळा खेळ ४ मायक्रोसेकंदांत उरकायचा. म्हणून नक्षी मधेमधे तुटते. पण प्रत्येक तुटलेली जागा खरी नसते. शेवटी फोटो काढताना रिडबर्गमधले अणू चिमट्यातून निसटलेले असतात, म्हणजे रिकामी जागा हाच उत्तेजित अणू. त्यातला एखादा फोटोआधीच खाली परतला तर तो 'शांत' म्हणून मोजला जातो. आणि जागा मुळातच रिकामी असेल तर? त्यासाठी सुरुवातीचा फोटोही मिळतो. तो न बघता आलेख काढणाऱ्यांना माझा नमस्कार. कच्चा माल असा उघडा हातात देतात, हे मला या सेवेतलं सगळ्यात आवडलं.

दर: प्रत्येक कामाला ३० सेंट, वर त्यातल्या प्रत्येक शॉटला, म्हणजे प्रयोगाच्या एका फेरीला, १ सेंट. हजार शॉटना १०.३० डॉलर, म्हणजे खिशाला चटका आहेच. आधी लॅपटॉपवरच्या फुकट सिम्युलेटरवर चुका करून घ्या. शिवाय जागा साधारण ७५ मायक्रोमीटर रुंद आहे, तेव्हा २४ मायक्रोमीटर सोडून त्याच साखळीच्या चार प्रती मांडा. अंतर चौपट झालं की परस्परक्रिया चार हजार पटींनी घटते, त्यामुळे ओळी एकमेकींत लुडबुडत नाहीत आणि एका शॉटच्या पैशांत चार निकाल पदरात पडतात.