सांता आला कुठून? मुलांना सांगायला दोन गोष्टी: मायराचा बिशप की आठ पायांच्या घोड्यावरचा ओडिन

डिसेंबर आला की नेदरलँड्समधल्या मराठी घरांत हा प्रश्न निघतोच. मुलं आधी सिंटरक्लाससाठी, म्हणजे संत निकोलसच्या डच अवतारासाठी, बुटात गाजर ठेवतात, पाच डिसेंबर उलटला की दुकानांत लाल कपड्यांतला सांता हजर होतो, आणि मग जेवताना कोणीतरी विचारतं की हे दोघं एकच का, आणि मुळात हा बाबा आला कुठून?

उत्तरादाखल दोन गोष्टी चलनात आहेत. एक, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप निकोलस. दुसरी, ख्रिस्ती धर्माच्या आधीचा उत्तर युरोपातला देव ओडिन. आमच्याकडे मराठी बोलणारी मुलं अधूनमधून गोष्टी ऐकायला जमतात. त्यांच्यापुढे दोन्ही सांगून झाल्या आहेत, त्या भरवशावर लिहितोय.

ओडिनबद्दल आधी, कारण ऐकताक्षणी तोच जिंकतो. ज्ञानाच्या विहिरीपाशी एक डोळा देऊन आलेला, लांब दाढीचा, रुंद काठाच्या टोपीतला भटका देव. जगभर फिरून त्याला खबरा आणून देणारे हुगिन आणि मुनिन हे दोन डोमकावळे. बसायला स्लाइपनिर, आठ पायांचा करडा घोडा. त्याच्या अनेक नावांपैकी योल्निर हे नाव थंडीतल्या योल सणाशी नातं सांगतं. शिवाय हिवाळ्यातल्या वादळी रात्री आकाशातून मृतांची शिकारी टोळी धावते अशी उत्तर युरोपात समजूत होती, आणि काही भागांत तिचा म्होरक्या म्हणून ओडिनचंच नाव घेत. दाढी, थंडी, आकाशातला घोडा, कोण कसं वागतंय याची खबर ठेवणारे हेर. सगळं इतकं चपखल बसतं की शंका घ्यावीशी वाटत नाही. आठ पायांचा घोडा म्हणून सांताच्या गाडीला आठ रेनडिअर, असंही कोणी कोणी सांगतं. ऐकावं आणि सोडून द्यावं.

पण घोडं पेंड खातं ते याच्या पुढे. गोष्ट रंगात आली की मुलं एकच विचारतात: मग काय झालं? ओडिनच्या गोष्टीत भेटवस्तूपर्यंत आलं की याचं उत्तर नाही. जुन्या काळी मुलं बुटात गवत आणि गाजरं भरून धुराड्यापाशी ठेवत, स्लाइपनिर ती खाई आणि ओडिन बदल्यात खाऊ ठेवी, असं सगळीकडे छातीठोकपणे लिहिलेलं सापडतं. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने 1220 च्या सुमारास लिहिलेल्या एड्डा या उत्तरेकडच्या देवकथांच्या ग्रंथात हा प्रसंग नाही. जुन्या एड्डाकाव्यांतही नाही. तिथला ओडिन दारी येतो तो कोडी घालायला, पैज लावायला, यजमानाची परीक्षा घ्यायला, आणि त्या परीक्षेत यजमान जिवानिशी जातो. पोरांच्या बुटात गुपचूप काही ठेवून जाणं हा त्याचा स्वभावच नव्हे.

सगळ्यात जवळ जाणारी रीत उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गची. तिथे कापणीच्या वेळी थोडं पीक शेतात तसंच उभं ठेवायचे आणि वोडने (ओडिनचंच तिथलं नाव) ते आपल्या घोड्यासाठी न्यावं असं म्हणायचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका पाद्र्याने तक्रारीच्या सुरात हे नोंदवून ठेवलं आहे. पण ही कापणीची रीत. हिवाळा नाही, बूट नाही, मुलं नाहीत. लोकरीतींच्या मागे जुने देव शोधण्याची हौस खरी वाढली ती परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी याकोपच्या जर्मन पुराणकथांवरच्या 1835 च्या ग्रंथानंतर, आणि मग जिथे दाढी आणि घोडा दिसला तिथे ओडिन दिसायला लागला.

तुम्ही म्हणाल, मुलांच्या गोष्टीत एवढं काटेकोर कशाला? मान्य. माझी अडचण विद्वत्तेची नाहीच. ओडिन सांगायला बसलो की सुरुवात झकास जाते, भेटवस्तू आली की मला पदरचं घालावं लागतं, आणि पुढच्या वर्षी मुलं नेमकं तेच पदरचं पुन्हा मागतात. घोड्याने गाजर खाल्लं की गवत? खाऊ कोणाला मिळाला? मागच्या खेपेला आपण काय ठोकून दिलं होतं ते आठवत बसायचं, आणि चुकलं की पोरं लगेच पकडतात. कोणाला यात मजा येत असेल. मला वैताग आला.

निकोलसचा इतिहासही काही पक्का नाही. तो चौथ्या शतकातला, आणि त्याचं सविस्तर चरित्र मिखाएल नावाच्या मठाधिपतीने लिहिलं ते नवव्या शतकात. मधली पाचशे वर्षं कोण काय सांगत होतं, देव जाणे. पण गोष्ट म्हणून ती अख्खी आहे. एक माणूस कफल्लक होतो, तीन मुली लग्नाच्या, हुंड्याला पैसा नाही. निकोलस रात्री खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकतो. थोरलीचं लग्न होतं. पुन्हा एका रात्री दुसरी पुरचुंडी. तिसऱ्या वेळी बाप जागा राहतो, पळत जाऊन त्याला गाठतो, आणि निकोलस त्याला बजावतो की मी जिवंत आहे तोवर कोणाला सांगायचं नाही. भेटवस्तू रात्रीच का येते, देणारा दिसत का नाही, ही दोन्ही उत्तरं गोष्टीतच आहेत. जेंतिले दा फाब्रिआनोने 1425 मध्ये रंगवलेलं चित्र दाखवलं तर काम आणखी सोपं: खिडकीशी उभा निकोलस, आत निजायच्या तयारीतल्या मुली.

खटकणारी जागा एकच, हुंडा. आपल्या घरात, मुलींसमोर, हुंडा जमवून देणारा माणूस देवमाणूस म्हणून कसा सांगायचा? मी तो गाळत नाही. तेव्हाच्या रोमन जगात बापाला तो द्यावा लागे, हे वाईटच होतं आणि आपल्याकडेही झालं आहे, एवढं म्हणून पुढे जातो. हुंडा नसता तर मुलींच्या नशिबी काय होतं ते मूळ गोष्टीत आहे. ते लहानांना सांगायची गरज नाही. मोठ्या मुली मात्र इथे वाद घालतात. घालू द्यावा.

बुटाचा पुरावाही निकोलसच्याच बाजूला पडतो. पंधराव्या शतकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या निकोलस चर्चमध्ये बूट ठेवत आणि त्यांत पडलेलं दान गरिबांना जाई. यान स्टेनचं सतराव्या शतकातलं चित्र ॲम्स्टरडॅमच्या रायक्सम्यूझियममध्ये आहे: एकीला बाहुली, रडणाऱ्या भावाच्या बुटात छडी, आणि एक मुलगा कडेवरच्या बाळाला धुराड्याकडे बोट दाखवतोय. सिंटरक्लासचा छपरांवरून दौडणारा घोडा, स्पेनहून येणारी आगबोट आणि काळा नोकर हे 1850 च्या यान शेंकमनच्या चित्रपुस्तकाने रुजवलं. त्या नोकराचं सोंग घेणाऱ्यांच्या तोंडाचा काळा रंग आता बऱ्याच ठिकाणी काजळीच्या फराट्यांवर आला आहे, हे बरंच झालं. आपल्या रंगाच्या मुलांना त्याचं कारण विचारावंसं वाटतं आणि ते नीट सांगायला हवं.

तिसरा पर्याय न्यूयॉर्कचा. 1809 चं वॉशिंग्टन अर्व्हिंगचं विनोदी पुस्तक, 1823 ची रेनडिअरवाली कविता, 1863 पासूनची थॉमस नास्टची चित्रं. आजचा सांता खरा तिथे घडला, पण ही हकिगत मोठ्यांना रमवते. लहान मुलांपुढे ती पाठ्यपुस्तकासारखी वाटते.

तेव्हा घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर मी निकोलसकडे झुकेन. अर्थात तुमच्या मुलाला देवदैत्य आणि लढाया हव्या असतील, आणि पदरचं घालायला तुम्हाला आवडत असेल, तर ओडिन वाईट नाही. मी त्याला सोडलेलं नाही. तो मी जानेवारीत सांगतो, भेटवस्तूंशी नातं न लावता. डोळा, विहीर, डोमकावळे आणि कोडी एवढ्यावर एक संध्याकाळ आरामात निघते.