जेल रोडचं रिपेअरिंगचं दुकान: बाबांचा 3310 आणि काकांचा पामटॉप, दोन्ही चालू झाले

इंदूरात ज्यांच्या कपाटात जुना नोकिया, डिजिटल डायरी, पहिल्या काळातला लॅपटॉप असं काही पडलंय आणि टाकवत पण नाहीये, त्यांच्यासाठी लिहितेय. दुकान जेल रोडला आहे, नॉव्हेल्टी मार्केटच्या जवळच्या गल्लीत, पायऱ्या उतरून खाली. बोर्डावर नुसतं मोबाईल रिपेअरिंग एवढंच लिहिलंय. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मालकांनीच सांगितलं की नेटवर नाव नंबर टाकू नका, आम्ही दोनच माणसं आहोत, आहे तेच काम निघत नाही. पण पायऱ्यांच्या तोंडाशी काचेच्या पेटीत बटनवाले फोन ओळीने मांडून ठेवलेत, ते दिसले की समजा पोचलात.

आधी हे सांगते की मी इथे का गेले. बाबांचा नोकिया 3310 घेऊन आधी दुसऱ्या एका दुकानात गेले होते, तिथल्या मुलाने हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, नवीन बॉडी टाकतो, नवीन कीपॅड, नवीन सॉफ्टवेअर मारतो, एकदम नवा करून देतो. आता मला नवा करायचाच नव्हता ना! त्या फोनच्या मागच्या बाजूला बाबांच्या किल्ल्यांचे ओरखडे आहेत, 5 चं बटन घासून गुळगुळीत झालंय, तो फोन म्हणजे तेच आहे. नवी बॉडी टाकली तर मग तो कुणाचा फोन राहिला. तिथून उठून आले आणि मग लोकमान्य नगरमधल्या एका ओळखीच्यांनी हे जेल रोडचं दुकान सांगितलं.

इथे मालकांनी (वय साठीच्या आसपास असेल, सगळे त्यांना चाचा म्हणतात म्हणून मी पण चाचाच म्हणते) फोन हातात घेतला, कव्हर काढलं, 3310 ची कव्हरं हाताने निघतात ना बिना स्क्रूची, आणि पहिला प्रश्न विचारला, "बेटा, इसमें आपका कुछ रखा है क्या?" म्हणजे आत काही जपायचंय का. एवढ्या एका प्रश्नावर मी तिथेच ठरवलं की काम इथेच करायचं.

आणि हो, होतं. 3310 मध्ये नंबर फोनमध्ये सेव्ह होतच नव्हते, सगळे सिमवर जायचे, आणि बाबांचं ते सिम कधीच बंद होऊन गेलं, त्यामुळे नंबर गेले ते गेलेच. पण ज्यांनी वापरलाय त्यांना आठवत असेल, त्यात कंपोझर होता, स्वतः सूर टाकून रिंगटोन बनवायची सोय, अशा सात रिंगटोन फोनच्या आत राहायच्या. तेव्हा पेपरात, मासिकात त्याचे कोड छापून यायचे, कोणतं बटन किती वेळा दाबायचं वगैरे. ताईने आणि मी एका गणपतीत दुपारभर बसून आरतीची चाल टाकली होती, एक सूर आमचा शेवटपर्यंत बरोबर लागला नाही आणि बाबांनी तीच रिंगटोन वर्षानुवर्षं ठेवली, ऑफिसात पण. चाचा म्हणाले की सॉफ्टवेअर नवीन मारलं तर हे उडू शकतं, म्हणून आपण सॉफ्टवेअरला हातच लावायचा नाही, जे बिघडलंय तेवढंच करायचं.

बिघडलं काय होतं तर पहिली गोष्ट बॅटरी. मूळची बीएमसी-3, निकेलवाली, 900 एमएएचची, ती इतकी वर्षं पडून पार मेली होती. तिच्या जागी बीएलसी-2 टाकली, ती लिथियमची, हलकी असते, आणि हा फोन दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या घेतो. दुसरं म्हणजे बॅटरीच्या पिनांवर आणि डिस्प्लेच्या कॉन्टॅक्टवर काळा थर बसला होता, तो त्यांनी माझ्यासमोर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून मऊ ब्रशने घासून काढला, कीपॅडचा रबर साबणाने धुवून पंख्याखाली वाळवला. सोल्डरिंगचं काम निघालंच नाही. फोन चालू झाला, ते दोन हात एकमेकांत येतात ते दिसले, आणि चाचांनी लगेच मेनूमध्ये जाऊन रिंगटोन वाजवून दाखवली. तो चुकलेला सूर पण तसाच आहे. मी तिथे स्टुलावर बसून रडले, लिहायला काही लाज नाही, बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांना हे सगळं जास्त वाटेल पण त्या फोनचं घरात काय स्थान होतं ते तेव्हा जगलेल्यालाच कळेल. 3310 आला 2000 साली, आणि मे 2003 पर्यंत आपल्याकडे इनकमिंगचे पण पैसे लागायचे! बाबा स्क्रीनवर नंबर बघायचे, कट करायचे आणि लॅंडलाईनवरून उलटा फोन लावायचे, कुणाला कसली मिस कॉल द्यायची ते घरात ठरलेलं असायचं, एक रिंग म्हणजे निघालो, दोन रिंग म्हणजे पोचलो. स्क्रीन केवढी तर आडव्या 84 आणि उभ्या 48 टिंबांची, त्यात तो साप फिरायचा आणि आम्ही भावंडं त्यासाठी भांडायचो.

आता पामटॉप, म्हणजे तळहातावर मावेल असा छोटा कॉम्प्युटर. खरं तर या दुकानाची परीक्षा इथे झाली, कारण 3310 सारखे फोन दुरुस्त करणारे शोधले तर अजून मिळतील, पण काकांचा एचपी 200 एलएक्स बघून आधीच्या ठिकाणी लोक त्याला कॅल्क्युलेटर समजत होते. काका पिथमपूरला कारखान्यात होते, कंपनीच्या कामाने सिंगापूरला गेले तेव्हा तो घेऊन आले होते. 1994 सालचं मॉडेल आहे ते, साधारण 300 ग्रॅम वजन, शर्टाच्या नाही पण कोटाच्या खिशात बसतो, उघडला की खाली पूर्ण कीबोर्ड आणि वर 80 कॉलम 25 ओळींची बिनलाईटची स्क्रीन, आत खरोखरचं डॉस 5.0 (विंडोजच्या आधीची, कमांड टाईप करायची सिस्टीम), लोटस 1-2-3 (एक्सेलसारखा हिशोबाचा प्रोग्रॅम) तर रॉममध्येच, म्हणजे मशीनमध्ये कायमचा भरलेला, आणि हे सगळं चालतं दोन पेन्सिल सेलवर! घड्याळात घालतो तेच सेल. चार्जर नाही, बूट व्हायची वाट बघणं नाही, ऑन दाबलं की जिथे सोडलं होतं तिथेच काम समोर. आज हातात इतका भारी फोन असून मला हिशोबाची शीट उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काकांच्या दोन एंट्र्या होऊन जायच्या, हे मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून बघितलंय.

तर त्यात सेल तसेच राहून गेले होते आणि गळले होते. चाचांनी मागचं झाकण उघडलं तर पांढरी पावडर आणि पत्र्यावर हिरवा रंग चढलेला. त्यांनी समजावलं की अल्कलाईन सेलमधून जे गळतं ते क्षार असतं, नुसतं पुसून जात नाही, आधी आंबट काहीतरी लावून मारावं लागतं, म्हणून त्यांनी कापसाच्या काडीने पांढरा व्हिनेगर लावला, फेस आला, मग पाणी, मग आयपीए, मग परत सुकवणं. एक स्प्रिंग पूर्ण खाल्लेली होती, ती टीव्हीच्या जुन्या रिमोटमधून काढून बसवली. आतल्या एका बारीक तारेची जोडणी सुटली होती तिथे जंपर, म्हणजे जोडणारी छोटी तार, मारला, मायक्रोस्कोपखाली, आणि मला पण त्यात डोकावून बघू दिलं. आत एक नाण्यासारखा सेल पण असतो, सीआर 2032, तो बदलला.

हा छोटा सेल का महत्त्वाचा ते ऐका, कारण मला हे माहीत नव्हतं आणि ज्यांच्याकडे असं जुनं यंत्र आहे त्यांनी लक्षात ठेवावं. या पामटॉपची सी ड्राईव्ह म्हणजे रॅम आहे, हार्डडिस्क नाहीच, त्यामुळे तिला सतत थोडा करंट लागतो. मोठे सेल संपले की छोटा सेल धरून ठेवतो, दोन्ही संपले की सगळं पुसलं जातं. म्हणजे काकांची सी ड्राईव्ह केव्हाच रिकामी झालेली, ते चाचांनी चालू करायच्या आधीच सांगून टाकलं, खोटी आशा दाखवली नाही. पण बाजूच्या खाचेत एक पीसीएमसीआयए कार्ड होतं, म्हणजे जुन्या पद्धतीचं मोठं मेमरी कार्ड, फ्लॅशवालं, त्याला टिकून राहायला करंट लागत नाही. मशीन चालू झालं, डॉसमध्ये गेलो, कार्ड त्यात ए ड्राईव्ह म्हणून दिसतं, चाचांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, मी डीआयआर (फायलींची यादी दाखवायची कमांड) टाईप केलं आणि फायलींची यादी वर सरकत गेली. पूर्ण होती!

दुकानात एक जाडजूड जुना लॅपटॉप ठेवलाय, विंडोज एक्सपी चालतं त्यावर, तो खास जुन्या फोनच्या कामासाठी, आणि त्याला ती कार्डची खाच आहे. त्यावरून सगळ्या फायली पेनड्राईव्हवर काढून दिल्या. घरी आल्यावर माझ्या एक्सेलने त्या उघडल्या नाहीत, लोटसच्या डब्ल्यूके1 प्रकारच्या आहेत आणि नवीन एक्सेलने तो प्रकार सोडून दिलाय, पण लिब्रे ऑफिस फुकट मिळतं त्यात सरळ उघडल्या, फॉर्म्युल्यांसकट. राजेंद्र नगरच्या घराच्या कर्जाचे हप्ते, दादाच्या लग्नाचा खर्च (मांडववाल्याला किती अ‍ॅडव्हान्स, केळवणं कुणाकडे कधी), कारखान्यातल्या शिफ्टचे तक्ते. काकांना दाखवलं तर आधी चष्मा शोधला, मग म्हणाले, "अगं, हे मी गेलंच असं धरून चाललो होतो." आणि काकूला हाक मारली, तिला मांडववाल्याचा आकडा वाचून दाखवला, तिने तेवढ्यावरून लग्नातला सगळा गोंधळ परत सांगितला. आता काका रोजचा खर्च परत त्या पामटॉपवर टाकून राहिलेत, डोळ्यांना जरा त्रास होतो कारण स्क्रीनला लाईट नाही, खिडकीपाशी बसतात.

बिजागरी थोडी ढिली आहे ती चाचांनी केली नाही. म्हणाले त्या जागी प्लास्टिक ठिसूळ होतं, पिळलं तर तुटेल आणि पार्ट मिळणार नाही, तुम्ही उघडताना दोन्ही हातांनी उघडा. मला हे आवडलं. काय करायचं नाही हे कळणारा कारागीर फार कमी भेटतो.

असंच मावसभावाच्या फोनचं झालं. तो रिलायन्सवाला, 2003 च्या पावसाळ्यात 501 रुपयांत स्कीम निघाली होती त्यातला, ज्याने त्याने घेतला होता. तो मी सोबत नेला होता. चाचांनी सरळ परत दिला, चालू होईल पण तो ज्यावर चालायचा ते सीडीएमएचं नेटवर्कच बंद झालंय, कॉल लागणार नाही, शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर असाच ठेवा, पैसे घालवू नका. 3310 मध्ये मात्र सिम चालतं, नॅनो सिम अ‍ॅडॅप्टरमध्ये बसवून, कारण एअरटेल आणि व्हीआयचं 2जी चालू आहे. जिओचं टाकू नका, त्यांचं 2जी कधी नव्हतंच. मी बाबांच्या फोनमध्ये एक जास्तीचं सिम टाकलंय आणि बॅंकेचे ओटीपी त्यावरच येतात.

आईचा नोकिया 1100 पण करून घेतला, टॉर्चवाला. त्यात काही विशेष नव्हतं, बीएल-5सी बॅटरी अजून कुठेही मिळते, एफएम रेडिओत पण तीच लागते, आणि चार्जर 3310 चाच चालतो, जाड पिनेचा. लाईट गेली की आई अजून तोच शोधते.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते. वेळ फार लागतो, पामटॉप तर मी विसरूनच जावं इतके दिवस त्यांच्याकडे होता, आणि फोन उचलत नाहीत, प्रत्येक वेळी जाऊन विचारावं लागतं. जेल रोडला संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं जवळपास अशक्य, सकाळी दुकानं उघडता उघडता जा. पक्कं बिल नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, एवढी जपलेली वस्तू सोडून यायचं तर व्यवस्थित पावती हवी असं मला वाटतं आणि मी ते त्यांना बोलून पण दाखवलं. 3310 ची नवीन बॅटरी कंपनीची नाही, ती आता मिळतच नाही, त्यामुळे स्टिकरवर जे एमएएच छापलेत त्यावर जाऊ नका असं त्यांनीच बजावलं. कंपनी तेव्हा 55 ते 260 तास स्टॅंडबाय सांगायची, माझा तीन-चार दिवस आरामात जातो, मला पुरतं.

पैसे: 3310 चे बॅटरी धरून 550, 1100 चे 200, पामटॉपचे 1800. पामटॉपचे जास्त वाटतील पण मी समोर बसून काम बघितलंय, मला जास्त वाटले नाहीत. यूपीआय चालतं.

पाच पैकी साडेचार, अर्धा पावतीचा कापलाय. जाताना जुनी बॅटरी, चार्जर, जे काही सोबतचं असेल ते सगळं घेऊन जा, घरी चालू करून बघायचा प्रयत्न करू नका, आणि फोनमध्ये काय जपायचंय ते आधीच सांगा. आणि कुणाकडे 200 एलएक्सचं बिजागरीजवळचं प्लास्टिक किंवा बंद पडलेलं अख्खं मशीन पार्टसाठी द्यायला असेल तर खाली लिहा, योग्य पैसे देईन, काकांसाठी हवंय.