मराठी गोष्टींसाठी ट्रेसरी की पायथनमधील स्वतःचे फंक्शन?

व्याकरण-फाइलमधून, म्हणजे शब्दांच्या याद्या आणि वाक्यांचे साचे असलेल्या फाइलमधून, यादृच्छिक गोष्टी तयार करण्यासाठी मी केट कॉम्प्टन यांची ट्रेसरी ही तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत स्वतः लिहिलेले फंक्शन, असे दोन्ही मार्ग वापरले आहेत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी शाळांच्या लहान मुलांना वाचायला रोज नवी गोष्ट मिळावी आणि तिच्यात कणकुंबी, मलप्रभा, राजहंसगड अशी सीमाभागातील ओळखीची नावे यावीत, हा माझा हेतू होता. माझे मत त्याच मर्यादेत घ्यावे.

ट्रेसरीने सुरुवात लवकर होते. गोष्ट ब्राउझरमध्येच तयार होत असल्याने शिक्षकांना मोबाइलवर दुवा पाठवला की काम भागते, आणि एकदा निवडलेले पात्र गोष्टभर टिकवण्याची सोयही तिच्यात आहे. ट्रेसरीचे व्याकरण ज्या साच्यात लिहितात त्या जेसन फाइलमध्ये शेवटी एक स्वल्पविराम जास्त राहिला तरी सगळी फाइल नाकारली जाते, पण त्याची सवय होते.

सामान्यरूपाची अडचण मात्र मला शेवटपर्यंत जाचत राहिली. ‘मलप्रभा’चे ‘मलप्रभेत’ आणि ‘कुंदा’ या मिठाईचे ‘कुंद्याला’ व्हावे लागते. शिवाय कोल्हा ‘आला’, तर खार ‘आली’. ट्रेसरीसोबत मिळणारे रूपबदल इंग्रजीची अनेकवचने, भूतकाळ आणि उपपदे यांच्यासाठी आहेत. आपले रूपबदल जावास्क्रिप्टमध्ये जोडता येतात, परंतु त्यांच्या हाती केवळ तयार शब्द येतो, त्याचे लिंग येत नाही. मग प्रत्येक पात्राच्या नोंदीतच त्याची सगळी रूपे कोंबावी लागतात आणि यादी वाढली की ती फाइल शाळेतील बाईंपुढे ठेवण्याजोगी राहत नाही. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

पायथनसाठी मी साधी मजकूर-फाइल ठेवली असून तिच्या प्रत्येक ओळीत शब्द, सामान्यरूप आणि लिंग एवढेच असते: कोल्हा, कोल्ह्या, पु. फंक्शन एक ओळ निवडते, वाक्यात दुसऱ्या यादीचे नाव आले की स्वतःलाच पुन्हा बोलावते आणि प्रत्यय दिसला की सामान्यरूप घेते. आपण ‘खानापुरात’ म्हणतो, पण ‘खानापूरला’ जातो. म्हणून गावांसाठी आणखी एक रकाना वाढवावा लागला, तोही सहज वाढला. अशी ओळ मराठी शिकवणारे कोणीही लिहू शकते, त्यासाठी पायथन येण्याची गरज नाही.

हा मार्ग अगदीच बिनत्रासाचा आहे असे नाही. विंडोजवर फाइल उघडताना देवनागरी नीट वाचली जावी म्हणून यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत-पद्धत स्पष्ट लिहावी लागते, आणि एखादा नियम न थांबता स्वतःकडेच वळत राहिला तर पायथन साधारण १००० पायऱ्यांनंतर चूक दाखवून थांबते. ज्यांच्या वाक्यांत नामे प्रथमेतच राहतात, किंवा ज्यांना फक्त दुवा पाठवून मोकळे व्हायचे आहे, त्यांना कदाचित ट्रेसरीच सोयीची वाटेल. ज्यांच्या गोष्टीतील कोल्ह्याला खारीशी बोलायचे आहे, त्यांनी मात्र फंक्शन लिहायला एक संध्याकाळ द्यावी, असे मी सुचवेन.