जिप्सीचे आठ पाटे आणि माझे 70,550 रुपये

हे लिहायला दोन महिने लावले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण परवा ओळखीतल्या एका मुलाने मला फसवलेल्या गॅरेजमध्येच आपली जुनी थार दाखवल्याचं कळलं आणि वाटलं, आता गप्प बसले तर त्या माणसाला मीच गिऱ्हाईक मिळवून दिल्यासारखं होईल.

गाडी 2007 ची जिप्सी. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. जिप्सी चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको. चारही चाकांना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि तेही मागे माणसं-सामान भरलं तरी बसू नयेत इतके कडक. रिकामी गाडी असली की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. गेल्या वर्षी आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे, आणि महिन्यातून एकदा तिला तिथे जायचंच असतं. मार्गासनी सोडलं की ती दोन्ही हातांनी दांडी धरून डोळे मिटून बसायची. मला लिफ्ट किट नको होतं, मोठे टायर नको होते. आईला बसता येईल एवढी गाडी मऊ व्हावी, इतकंच हवं होतं.

पाटे काढून गाडी मऊ करण्याचा धंदा पुण्यात नवा नाही. प्रत्येक चाकाचे एक-दोन पाटे काढायचे, हजार-दीड हजार घ्यायचे. तो प्रकार मला माहीत होता आणि मी तो करणार नव्हते. हे मुद्दाम लिहितेय, कारण ज्याला सांगावं तो म्हणतो, "पाटे काढायचे नसतात हे माहीत नव्हतं का तुला?" माहीत होतं! ज्या गॅरेजवाल्याकडे गेले त्यालाही ते माहीत होतं, आणि त्याने तेच वापरलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ताई, पाटा काढून देणारे छप्पन्न आहेत. त्यानं गाडी बसते, मेन पाटा तुटतो. आपण ते काम करतच नाही. आपण पूर्ण सेट बदलतो, नवीन सॉफ्ट पाटे, खास जिप्सीसाठी बनवलेले." ज्या चोरीची मला भीती होती तिच्याविरुद्ध त्यानेच मला भाषण दिलं. विश्वास बसणार नाही तर काय होईल?

सेटचे 34,000 आणि मजुरी 4,500, म्हणजे 38,500. ॲडव्हान्स 15,000 यूपीआयने घेतला, तोही भलत्याच नावाच्या खात्यावर. "भाच्याचा नंबर आहे" म्हणाला. उरलेले 23,500 रोख. बिल मागितलं तर म्हणे 18 टक्के जीएसटी वर लागेल, म्हणजे आणखी 6,930. मी बिल सोडलं. ही चूक माझी. पण आईच्या औषधांचा खर्च चालू असताना 6,930 रुपये वाचतायत म्हटल्यावर कोण विचार करणार नाही, हे मला सांगा.

बाबा म्हणाले होते, "आधी पाटे खोलून धू, तारेच्या ब्रशने घास, ग्रीस कर. गंजून एकमेकांना चिकटलेत ते." बाबा प्रत्येक दुखण्यावर ग्रीसच सांगतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आता ती वेळ, जी रोज रात्री डोळ्यांसमोर येते. गाडी घ्यायला गेले तेव्हा पाटे काळेकुळकुळीत दिसत होते, रंगाचा वास येत होता. गाडी दोन बोटं खाली बसलेली. "सॉफ्ट सेट आहे ताई, थोडी बसणारच." मी विचारलं, "जुने पाटे कुठायत?" "सकाळीच भंगारवाला घेऊन गेला." आणि त्याच्या मागे, कॉम्प्रेसरच्या कडेला, तारेने बांधलेली पाट्यांची जुडी पडली होती. मी ती पाहिली. एकाही पाट्याला डोळा नव्हता. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: सर्वांत लांब पाटा म्हणजे मेन पाटा, त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात, त्यात बुश, म्हणजे रबरी अस्तर, बसतो. तो डोळा. पूर्ण जुना सेट उतरवला असता तर चार मेन पाटे, आठ डोळे तिथे दिसायला हवे होते. बाबांच्या हाताखाली मी लहानपणी पाने देत वाढले, मला डोळा म्हणजे काय ते माहीत आहे. मनात आलंसुद्धा, डोळ्याचे पाटे कुठे गेले? पण त्याने तेवढ्यात चहा मागवला, आईची चौकशी केली, आणि मी 23,500 मोजून त्याच्या हातात दिले.

पहिले चार दिवस गाडी खरोखर मऊ वाटली. तीच तर मेख आहे. मग आईला घेऊन गावी गेले. स्पीडब्रेकरवर मागचा एक्सल बंप स्टॉपवर, म्हणजे वरच्या रबरी ठोकळ्यावर, धाडकन आपटायला लागला, आधीपेक्षा वाईट. आई रडली. परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ब्रेक दाबला तर नाक खाली गेलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. तो उतार काय आहे ते पुणेकरांना माहीत आहे. मागे ट्रक होते. कडेला कशी घेतली ते माझं मलाच आठवत नाही. जिप्सीत पाटा फक्त झटका खात नाही, एक्सल जागेवर धरतो तोही पाटाच, दुसरं काही नाही. पुढच्या डाव्या बाजूचा मेन पाटा सेंटर बोल्टच्या, म्हणजे पाट्यांची थप्पी मधोमध ओवणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशी तुटला होता.

टोइंगचे 4,200. हडपसरकडे ट्रकचे पाटे करणारे एक वयस्कर काका आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट बघूनच मान हलवली. पाट्यांची थप्पी पातळ झाल्यामुळे नट आटे संपले तिथे जाऊन अडकले होते. बाहेरून घट्ट, आत पाटे सैल. मग रंग खरवडला. खाली बाबांनी कधीकाळी पंचाने मारलेली खूण निघाली, डाव्याला एक टिंब, उजव्याला दोन. आमचेच पाटे! प्रत्येक चाकाचे दोन-दोन काढून वर काळा रंग मारलेला. नवी जिप्सी 2019 पासून मिळत नाही, चांगले जुने पाटे शोधत लोक नाना पेठ, पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, पालथी घालतात. म्हणजे माझे आठ पाटे भंगारात गेले नाहीत, ते कुणाला तरी विकले गेले. नवा मेन पाटा, आठ पाटे, यू बोल्ट, बुश, मजुरी: 27,850. एकूण 70,550.

आणि मग सुरू झाली दारं ठोठावणं. पहिल्या चौकीत सांगितलं, ते गॅरेज आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत दीड तास बाकावर बसवलं आणि विचारलं, "गाडी दिली, काम झालं, पैसे दिले, मग फसवणूक कुठे आहे? दिवाणी बाब आहे ही." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? नवा माल सांगून जुना रंगवून दिला, याला दुसरं काय म्हणतात? "बिल आहे का? नाही ना? मग?" वर सल्ला, "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवायचं होतं." अठरा वर्षं गाडी चालवतेय मी. वाहन खात्याच्या एका कार्यालयात गेले तर तीन टेबलं फिरवून चौथ्याने मलाच दरडावलं, गाडीत फेरफार तुम्ही केलात, कारवाई तुमच्यावर होईल. उतारावर ट्रकखाली गेलो असतो तर पंचनाम्याला सगळे धावत आले असते, जिवंत माणसाची तक्रार मात्र कुणाच्याच हद्दीत बसत नाही. विमा कंपनीने फोनवरच सांगितलं, यांत्रिक बिघाड पॉलिसीत येत नाही. तेवढं निदान खरं होतं.

तुमचा एकही जुना भाग गॅरेजमध्ये सोडू नका, भंगार असला तरी पोत्यात घालून घरी आणा. गाडी देण्याआधी पाटे मोजा, फोटो काढा, मेन पाट्यावर पंच मारून ठेवा. ताजा रंग दिसला की नखाने खरवडा. गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेऊन खालून दाखवायला नकार दिला तर पैसे देऊ नका. बिल घ्याच, 18 टक्के जाऊ देत. आणि पैसे भलत्याच नावावर मागितले तर तिथूनच परत फिरा.

गाडी मऊ करायचीच असेल तर आधी टायरची हवा तपासा. माझ्या टायरांत 35 होती, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. मग शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) आणि बुश बघा, शॉकअप मेलेत का ते बघा. काकांनी पाटे घासून ग्रीस केले, हवा कमी केली, आणि सगळे पाटे जागेवर असूनही गाडी आधीपेक्षा मऊ चालते. बाबांनी एका शब्दानेही मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. यूपीआयची पावती, त्याचे व्हॉइस मेसेज, काकांचं बिल, सगळं जोडलंय. तुटलेला मेन पाटा बाबांच्या टिंबासकट पोत्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवलाय. तारखेला तो मी स्वतः उचलून घेऊन जाणार आहे.