कार्डांची अदलाबदल: समोरासमोर की टपालाने?

हाताने केलेली छोटी चित्रकार्डं अनोळखी माणसांशी बदलायची ही चळवळ झ्यूरिखच्या एम. वान्ची श्टिर्नेमान या कलाकाराने १९९७ मध्ये सुरू केली. माप ठरलेलं, अडीच बाय साडेतीन इंच. विकायचं नाही, फक्त बदलायचं. पाठीमागे नाव, तारीख, सही.

मूळ रीत समोरासमोर बसण्याची. टेबलावर कार्डं मांडायची, आवडलेलं मागायचं, समोरच्याला आपल्यातलं निवडू द्यायचं. कुणी आपलं कार्ड उजेडाकडे तिरकं धरतं, भरतकामाच्या टाक्यांवरून बोट फिरवतं आणि विचारतं, ‘हा दोरा कुठून आणलात?’ हे सुख पाकिटात मिळत नाही. माझा कौल यालाच. शिवाय देणं-घेणं जागच्या जागी पुरं होतं.

पण आसपास असा गटच नसेल तर टपाल. तिथे भरवशाचा प्रश्न येतो: आपण पाठवतो आणि उलट काहीच येत नाही. म्हणून संयोजक असलेल्या अदलाबदलीतच उतरावं. सगळ्यांनी आपली कार्डं आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट त्याच्याकडे धाडायचं. सगळं जमलं की तो वाटून परत पाठवतो. ज्याने पाठवलं नाही, त्याला मिळत नाही.

कार्ड जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवा. आरसे-मणी लावले असतील तर साधं पाकीट नकोच, शिक्का बसताना फुटतात. आणि सुरुवात देशातल्या देशात करा. परदेशातून परतीसाठी आपली तिकिटं चालत नाहीत.