फोटोत पाच बर्नर होते, आमच्या फर्नेसला तीन

लिहू की नको यात वर्ष गेलं. लाज वाटते, खरं सांगतो. आयटीत सतरा वर्षं, ऑफिसात लोकांना फसवणुकीचे फिशिंग मेल कसे ओळखायचे याचं ट्रेनिंग देतो मी, आणि घरच्या फर्नेसवर (थंडीत घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी) 20,072 डॉलर 24 सेंट घालवून बसलोय. पण परवा एक गोष्ट कळली (शेवटी सांगतो) आणि डोकंच फिरलं. म्हटलं थंडी सुरू व्हायच्या आत लिहून टाकू, ज्याला हसायचं त्याने हसा.

3 फेब्रुवारी 2023, शुक्रवार. कॅनडात ओंटारियोत जे होते त्यांना ती रात्र आठवत असेल, उणे वीसच्या आसपास गेलं होतं. रात्री साडेनऊला ब्रॅम्प्टनच्या आमच्या घरात फर्नेस बंद. म्हणजे पूर्ण बंद नाही, सुरू व्हायची, आत भप्प करून ज्योत पेटायची, मी एक-दोन-तीन-चार मोजायचो, टक्क, बंद. परत प्रयत्न, परत टक्क. तीन-चार वेळा असं झालं की लॉक व्हायची आणि बोर्डवरचा लाल दिवा लुकलुकत बसायचा. आता हे वाचून ज्यांना कळलं ते कपाळावर हात मारतील. मला नव्हतं कळत. आपण पंख्याच्या देशात वाढलेली माणसं, फर्नेस आतून कशी असते हे घर घेतानाही कोणी सांगत नाही, फिल्टर बदलायचा एवढंच माहीत.

मुलगी चार वर्षांची, तिला ताप. घर पंधरा डिग्रीवर आलेलं, इलेक्ट्रिक हीटर एका खोलीत लावून तिघं एका बेडवर. बायको म्हणाली सकाळपर्यंत थांबू, नेहमीच्या माणसाला फोन करू. मी शहाणा. फोनवर सर्च केलं, सगळ्यात वर जे आलं त्याच्यावर टॅप केलं, वर बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं होतं ते बघितलंच नाही. आणि मी स्वतः फोन केला ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे याचं काय झालं ते सांगतो.

शनिवारी सकाळी साडेनऊला माणूस हजर. गोड बोलणारा, दोन मिनिटांत हिंदीवर आला आणि तिथेच मी विरघळलो. बेसमेंटमध्ये गेला, मी सोबत. दार काढलं, टॉर्च मारला, खाली वाकला, वर आला, एकूण बारा मिनिटं. मग गंभीर तोंड करून म्हणाला हीट एक्सचेंजर (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा आतला पत्र्याचा भाग) क्रॅक आहे, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येतोय, "भाईसाब, बच्ची है घर में, मैं इसको चालू छोड़ के नहीं जा सकता, रेड टॅग करना पड़ेगा." म्हणजे धोकादायक म्हणून लाल चिठ्ठी लावून बंद. आणि मोबाईल पुढे केला. फोटो. गंजलेला पत्रा, त्यात केसाएवढी भेग, भेगेकडे दाखवणारं बोट, बोटावर निळा ग्लोव्ह.

इथे. हाच तो क्षण. मी रात्री झोपताना अजून याच क्षणाला परत जातो. त्या माणसाचे हात उघडे होते. मी त्याच्या हातात टॉर्च दिला होता, नखांत काळं होतं, अंगठी होती. ग्लोव्ह त्याने घातलाच नव्हता, खिशातसुद्धा दिसला नाही. फोटोतला हात त्याचा नव्हता! आणि मी त्या फोटोकडे बघून "ओह माय गॉड" म्हणालो.

दुसरी गोष्ट, त्याची व्हॅन. तपासणीला आलेला माणूस, पण मागच्या दारातून नव्या फर्नेसचा खोका दिसत होता. बायकोला दिसला, ती मराठीत म्हणाली "अरे हा आधीच घेऊन आलाय?" आणि मी तिला म्हटलं बरंय ना, आजच काम होईल. हे वाक्य मला ती आता महिन्यातून एकदा ऐकवते.

तिसरी, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता, नवीन बॅटरीचा, एकदाही वाजला नव्हता. मी विचारलंसुद्धा! तर म्हणे हे घरगुती अलार्म उशिरा वाजतात. एवढी माहिती असलेला माणूस स्वतः मीटर का नाही लावत, हवेत किती वायू आहे त्याचा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) आकडा का नाही दाखवत, हे तेव्हा सुचलं नाही. तुम्ही विचारा. आकडा दाखव म्हणा, आणि रेड टॅग लावतोस तर कागदावर लाव, लायसन्स नंबर घालून, एक प्रत मला दे. तोंडी रेड टॅग म्हणजे नुसती धमकी.

मग टॅबलेट आला. आज एक डॉलर द्यायचा नाही, महिन्याला फक्त 139.99, रिपेअर फुकट, दहा वर्षांनी तुमचीच. मी हप्ता समजलो. भाडं हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही, आणि टॅबलेटवर बोटाने सही करताना जिथे सही करायची तेवढाच चौकोन समोर होता, वरचं काही नाही. चौदा पानांची पीडीएफ रात्री मेलमध्ये आली. उघडली नाही. घर गरम झालं होतं, पोरगी झोपली होती, मीही झोपलो. दहा दिवसांत कारण न देता रद्द करता आलं असतं, इथल्या ग्राहक कायद्यात घरी येऊन केलेल्या कराराला तेवढी सवलत आहे, पण त्यासाठी पीडीएफ उघडावी लागते. जुनी फर्नेस ते त्याच संध्याकाळी "फुकट" उचलून घेऊन गेले. म्हणजे पुरावाच गेला. मी वर दहा डॉलर टिप दिली.

महिन्याला 139.99 अधिक तेरा टक्के कर, 158.19. दुसऱ्या वर्षी साडेतीन टक्के वाढ, 163.73. ही वाढ दरवर्षी, पान नऊवर. पुढे हिशोब मांडला, दहा वर्षांचे बावीस हजारांच्या वर जात होते. याच क्षमतेची फर्नेस बसवून देण्याचे मी नंतर तीन ठिकाणाहून लेखी भाव घेतले, 4,600 ते 5,400.

हे सगळं कळलं कधी, तर 2024 च्या मार्चअखेर, मॉर्गेज (घराचं कर्ज) दुसऱ्या बँकेत न्यायला निघालो तेव्हा. वकिलाचा फोन, तुमच्या टायटलवर (घराच्या मालकीच्या नोंदीवर) नोसी आहे. मी म्हटलं काय आहे? नोटीस ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट, म्हणजे फर्नेस त्यांची आहे आणि तशी नोंद त्यांनी माझ्या घराच्या कागदांवर करून ठेवली आहे, ती काढल्याशिवाय नवी बँक पैसे देणार नाही. मला न सांगता! म्हणजे कराराच्या बाराव्या पानावर सांगितलं होतं म्हणे. काढायचे किती? 17,846.50. पाच हजारांच्या वस्तूचे.

आता खरी मजा. बसवणाऱ्या कंपनीला फोन केला तर तो करार त्यांनी केव्हाच एका फायनान्स कंपनीला विकलेला. फायनान्सवाले म्हणाले आम्ही फक्त पैसे गोळा करतो, काय खोटं बोलले ते त्यांना विचारा. त्यांना विचारलं तर आमचा आता संबंध नाही. पोलिसांकडे गेलो, काउंटरवरच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि हे सिव्हिल मॅटर आहे म्हणाली. मी म्हटलं मॅडम, दुसऱ्याच्या फर्नेसचा फोटो दाखवून लुटलंय. सही तुमचीच आहे ना? हो. मग सिव्हिल. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या खात्याला फोन केला, चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, मग फॉर्म भरा म्हणाले, फॉर्म भरला, बावीस फाइली जोडल्या, तीन आठवड्यांनी उत्तर काय, तर दारोदार फिरून फर्नेस विकायला, भाड्याने द्यायला 1 मार्च 2018 पासून बंदी आहे, पण तुम्ही स्वतः त्यांना बोलावलंत, त्यामुळे तुमच्या प्रकरणात ती लागू नाही. म्हणजे दार वाजवून आला असता तर करारच रद्दबातल ठरला असता आणि मी फोन केला म्हणून तो पवित्र! बरं, फसवून सही घेतली म्हणून रद्द करायला करारापासून एक वर्ष मिळतं. ते वर्ष फेब्रुवारीतच संपलं होतं. मी म्हटलं अहो मला कळलंच मार्चमध्ये. फोनवर खात्यातली बाई म्हणे आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन. हे वाक्य त्या फोनवर मी पाच वेळा ऐकलं. शेवटी सल्ला काय, वकील बघा. वकिलाचा सल्ला काय, क्लोजिंगची (कर्ज नव्या बँकेत जाण्याची) तारीख जवळ आहे, आधी भरून मोकळे व्हा, मग भांडा. त्याचे वेगळे पैसे.

18 एप्रिल 2024 ला भरले. 17,846.50, एकरकमी.

आणि 6 जून 2024 ला ओंटारियो सरकारने कायदा करून अशा घरगुती वस्तूंवरच्या नोसी बंद करून टाकल्या. नवीन नोंदवता येत नाही, आधीच्या आपोआप बाद. एकूणपन्नास दिवस! एकूणपन्नास दिवस बँकेने वाट बघितली असती तर नोसीचा गळफासच राहिला नसता. करार राहिला असता, तो त्या कायद्याने रद्द होत नाही, पण निदान भांडायला गळा मोकळा असता. मी परत त्या खात्याला फोन केला, म्हटलं आता तरी? तर आधी भरलेल्या पैशांबद्दल आम्ही काही करू शकत नाही. आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन.

तक्रार अजून अंडर रिव्ह्यू आहे. दीड वर्ष होत आलं.

तीन बर्नरचं कसं कळलं ते राहिलंच. मॉर्गेजच्या त्या गडबडीत कागदं शोधताना 2019 चा होम इन्स्पेक्शन रिपोर्ट सापडला. त्यात आमच्या जुन्या फर्नेसचा दार उघडून काढलेला फोटो, खाली लिहिलंय 2014 ची, साठ हजार बीटीयू (उष्णतेचं माप). बर्नर ओळीने दिसतायत, तीन. आणि त्या माणसाने "रेकॉर्डसाठी" बायकोला पाठवलेला भेगेचा फोटो झूम केला, कोपऱ्यात बर्नर, मोजले, पाच. साधारण एका बर्नरमागे वीस हजार बीटीयू धरतात, म्हणजे ती लाखाची फर्नेस. कोणाची देव जाणे. गंमत म्हणजे आम्हाला बसवली तीही लाखाचीच. पंधराशे स्क्वेअर फुटाच्या घराला! मोठी म्हणजे चांगली असं मला सांगितलं होतं. आता काय होतं, धडाडून पेटते, पाच मिनिटांत थर्मोस्टॅटवर लावलेलं तापमान गाठते, बंद, परत धडाडून पेटते, वरच्या मजल्यावर घाम आणि खाली पाय गार. जो माणूस घराचा हीट लॉस (घरातून किती उष्णता बाहेर जाते) न काढता, खिडक्या न बघता, नुसता "बडा वाला डाल देते हैं" म्हणतो त्याला तिथल्या तिथे चहा न देता घालवा. टू-स्टेज (कमी आणि जास्त, दोन आचांवर चालणारी) आहे का विचारा, एकाच वेगाने धडाडणारी नको. शहाण्णव टक्के एफिशियन्सी म्हणून त्याने असं सांगितलं की जणू मेहेरबानी, अहो कॅनडात 2019 पासून पंच्याण्णवच्या खालची नवीन गॅस फर्नेस विकायला येतच नाही.

आणि समजा क्रॅक खरंच असता तरी? बऱ्याच कंपन्या हीट एक्सचेंजरवर दहा-वीस वर्षांची वॉरंटी देतात. नऊ वर्षांची होती आमची. सिरियल नंबर घेऊन कंपनीला एक फोन, मजुरीवर भागलं असतं कदाचित. आज संध्याकाळी खाली जाऊन तुमच्या फर्नेसच्या आतल्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि बर्नरचाही. कंत्राटदाराचं नाव टीएसएसएच्या (ओंटारियोत गॅसच्या कामांची सुरक्षा बघणारी संस्था) यादीत आहे का बघा, पाच मिनिटांचं काम. कोणी जुनी फुकट नेतो म्हणाला तर नको म्हणा, गॅरेजमध्ये पडू दे दोन आठवडे.

पण सगळ्यात झोंबलेली गोष्ट वेगळीच. गेल्या डिसेंबरमध्ये ही नवीन फर्नेस, वीस हजारांची, हिने तेच नाटक केलं. भप्प, एक-दोन-तीन-चार, टक्क. यावेळी ऑफिसातल्या एकाने दिलेला म्हातारा टेक्निशियन बोलावला. त्याने ज्योतीसमोरची पेन्सिलीएवढी काडी एक स्क्रू काढून बाहेर ओढली, फ्लेम सेन्सर, खिशातून स्टील वूलचा बोळा काढून पुसली, परत लावली. चार मिनिटं. काडीवर पांढुरकी साय धरते, मग ज्योत असली तरी बोर्डाला ती कळत नाही, आणि बोर्ड गॅस बंद करतो, बस. मी त्याला 2023 ची लक्षणं सांगितली. तो काही बोलला नाही, फक्त खांद्यावर हात ठेवला. बिल 145 आणि कर, 163.85. एका महिन्याच्या भाड्याएवढं, बारा सेंट जास्त.

तर परवाची गोष्ट. पोरीच्या स्विमिंग क्लासला बायकोची एक ओळख झाली, किचनर शहराजवळ राहायच्या पूर्वी, बोलता बोलता फर्नेसचा विषय निघाला, त्या म्हणाल्या आमचीपण क्रॅक निघाली होती हो, लगेच बदलली, नशीब मुलांना काही झालं नाही. बायकोने विचारलं फोटो दाखवला होता का? त्यांनी फोनमध्ये शोधून काढला. मी पार्किंगमधून आत आलो तर दोघी दोन फोन शेजारी शेजारी धरून बसलेल्या. तोच गंज, तीच भेग, पाच बर्नर. निळा ग्लोव्ह, अंगठ्यापाशी फाटलेला.

त्यांचे अजून सात वर्षांचे हप्ते बाकी आहेत.